दुसऱ्यातून तिसऱ्यात

३ फेब्रुवारी

आदरणीय दादांना नमस्कार.

आपल्याला फोनवरचे ऐकू येत नाही आणि मला फोनवर मुद्देसूद बोलता येत नाही. तेव्हा पत्र दोघांच्याही सोयीचे, असे समजून लिहीत आहे.

आपल्या बहिणीची गाडी बंद पडली आहे. गेल्या मंगळवारी चढावर इंजिन जोरात ओरडू लागले, पण गाडी जागची हलेना. मागे खोळंबलेल्या गृहस्थांनी माझ्याविषयी जी मते व्यक्त केली ती येथे लिहिण्यासारखी नाहीत. गाडी ओढून आणावी लागली.

आतापर्यंत तीन ठिकाणी दाखवली. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पांढरा शर्ट घातलेल्या एका तरुणाने बॉनेट न उघडताच माझ्या हाती नव्या गाड्यांचे छापील पत्रक दिले. दुसऱ्याने गिअरचे ऑइल बदलून 'आता पळेल' असे सांगितले. गाडी त्याच्या फाटकापर्यंत पळाली. तिसरा आमच्या गल्लीच्या टोकाचा गॅरेजवाला. त्याने खालची थाळी उघडून मला वाकायला लावले आणि बोट बुडवून दाखवले. ऑइल काळे पडले होते, त्याला जळका वास होता आणि त्यात धातूची बारीक पूड चमकत होती. म्हणाला, "साहेब, आतल्या क्लचच्या पट्ट्या जळाल्या. हा गिअरबॉक्स संपला." हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाल्याने नवा मिळत नाही. मोडीत निघालेल्या तशाच गाडीचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळवून बसवणे, एवढा एकच मार्ग उरतो.

मी तेहतीस वर्षे वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. जुना माल आणि तोंडी हमी यांविषयीचे माझे मत आपण जाणता. तरीही ही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट मला सध्या निश्चित कळते. आपली बहीण जाऊन पाच महिने झाले. कपाटे मुलीने रिकामी केली, भांडी वाटून टाकली, चष्मेसुद्धा कोणाला तरी दिले. मी हरकत घेतली नाही. गाडी तेवढी राहिली आहे.

आपण बस डेपोच्या वर्कशॉपचे फोरमन होता. आपल्या ओळखीत कोणी विश्वासू विक्रेता असल्यास कळवावे. गिअरबॉक्सवरील पट्टीचा क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर दोनदा तपासून लिहिला आहे.

आपला मेहुणा


१० फेब्रुवारी

जावईबापू,

पत्र मिळालं. क्रमांक दोनदा तपासलात हे सांगायची गरज नव्हती, तुम्ही लग्नाच्या वेळी अंगठीसुद्धा तोलून घेतली होतीत.

गिअरबॉक्स मिळाला. आमच्या इथे गावाबाहेर जुन्या गाड्यांचं मोठं यार्ड आहे. मालकाला सगळे खडूशेठ म्हणतात, कारण तो सुट्या होणाऱ्या प्रत्येक भागावर खडूने त्याची कुंडली लिहितो. गुण कमी, दोष जास्त. दरवाजावर लिहिलेलं असतं, 'काच वर जाताना कुरकुरते'. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नसतं, पण हा लिहितो. माझी त्याची ओळख तीस वर्षांची. डेपोला माल द्यायचा तेव्हापासून एकदाही मान खाली घालावी लागली नाही.

त्याचा एक नेम आहे. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय तो कुठल्याही गाडीचा गिअरबॉक्स उतरवत नाही. तुमच्यासारखीच एक गाडी त्याच्याकडे आलीय, मागून ट्रकने ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत. मला शेजारी बसवून त्याने यार्डाला तीन फेऱ्या मारल्या. मागची काच नाही, डिकी पुढच्या सीटला टेकलेली, आणि हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असल्यासारखा ताठ. माझे कान गेले असले तरी बूड शाबूत आहे; गिअर पडतो तो बुडाला कळतो. मला काहीच कळलं नाही, म्हणजे माल उत्तम. उतरवल्यावर त्याने लिहिलं, 'चालवून पाहिला. दुसरा तिसरा मऊ. खालच्या कडेला ओरखडा, गळती नाही.' गाडीत बसवल्यापासून तीस दिवस तो जबाबदार.

ट्रान्सपोर्टने खोक्यात घालून पाठवलाय. बसवण्याआधी दोन्ही सील आणि फिल्टर नवे टाकायला सांगा. कूलरच्या नळ्या धुतल्याच पाहिजेत, नाहीतर जुन्याची पूड नव्याच्या पोटात जाईल. आणि एक करा, गॅरेजवाल्याच्या डोक्यावर उभे राहू नका. ती असती तर तिने तुम्हाला गॅरेजच्या दारातूनच परत पाठवलं असतं.

दादा


२६ फेब्रुवारी

आदरणीय दादांना नमस्कार.

गिअरबॉक्स सुस्थितीत पोहोचला. पुढील हकिकत तितकी सुस्थितीत नाही.

पहिले सील चुकीच्या मापाचे आले. दुसरे योग्य मापाचे आले, परंतु बसवताना त्याची कड दुमडली. तिसऱ्यासाठी चार दिवस थांबलो. जुना गिअरबॉक्स उतरवताना एक बोल्ट इतका गंजलेला निघाला की त्याचे डोकेच गोल झाले आणि तो कापण्यात एक संपूर्ण दिवस गेला. मी स्टुलावर बसून आपल्या पत्रातील सूचना क्रमाने वाचून दाखवत होतो. त्यावर गॅरेजवाला गाडीखालून म्हणाला, "साहेब, तुम्ही वाचा, मी करतो. पण दोन्ही एकाच वेळी नको." आपण मला डोक्यावर उभे राहू नका असे लिहिले होते, मी बसून होतो, हे नमूद करतो.

अखेर २३ तारखेला गाडी रस्त्यावर आली. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना ती झटका देते. मागून कोणी सीटला गुडघा मारावा तसा. सिग्नलपाशी थांबतानाही एक हिसका बसतो. आपण व विक्रेता दोघांनी ज्याला 'मऊ' म्हटले ते हेच असेल, तर मऊपणाच्या व्याख्येबद्दल आपले मतभेद आहेत.

गॅरेजवाल्याने एक किरकोळ उपाय सुचवला होता. तो मला अनावश्यक वाटला.

मुदत सुरू आहे. विक्रेत्यास ही तक्रार कळवावी, ही विनंती. आपण मध्यस्थ असल्याने मला संकोच वाटतो. तथापि वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर संकोच करू नये, हे मी तेहतीस वर्षे इतरांना सांगत आलो आहे.

आपला मेहुणा


४ मार्च

जावईबापू,

तुमचं पत्र घेऊन यार्डात गेलो. खडूशेठने दोनदा वाचलं. म्हणाला, "दुसऱ्या तिसऱ्यात? शक्य नाही." मग म्हणाला, "नाही, शक्य आहे. माणूस खोटं कशाला लिहील?" आणि तुम्हाला दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या.

एक, ऑइल गरम असताना मोजलं का.

दोन, कॉम्प्युटरची मेमरी साफ केली का. या गाड्यांत म्हणे एक डबी असते, ती जुन्या गिअरबॉक्सच्या सवयी साठवून ठेवते. गिअरबॉक्स बदलला की ती पुसून कोरी करायची असते, नाहीतर नव्याला जुन्याच्या हिशोबाने हाकत राहते. मी बसवाला, माझ्या काळात मेमरी ड्रायव्हरच्या डोक्यात असायची, मला यातलं कळत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याला कळत असेल. तेवढं विचारून लगेच लिहा. इकडे खडूशेठ दोन दिवस नीट जेवलेला दिसत नाही.

दादा


९ मार्च

आदरणीय दादांना नमस्कार.

ऑइल गरम असताना मोजले आहे. पातळी योग्य आहे. इतर बाबतीत जे आवश्यक ते सर्व करण्यात आले आहे.

सोबत तीन पाने जोडली आहेत. २३ फेब्रुवारीपासून काल सायंकाळपर्यंत बसलेल्या प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, ठिकाण, वेग आणि तीव्रता त्यांत नोंदवली आहे. तीव्रतेसाठी सौम्य, मध्यम व तीव्र अशा तीन श्रेणी केल्या आहेत. एकूण नोंदी एकसष्ट. त्यांपैकी तेवीस तीव्र.

विक्रेत्यास माझी ही पाने दाखवावीत. त्याने हा गिअरबॉक्स परत घेऊन दुसरा द्यावा, किंवा आपल्या शब्दाला किंमत नाही असे लेखी मान्य करावे. मी माझ्या नोकरीत गोड बोलणारे पुष्कळ व्यापारी पाहिले. तराजूखाली लोहचुंबक लावणारा एक जण तर दुकानात वृत्तपत्रांतील नीतिपर कात्रणे लावत असे. खडूने दोष लिहिणे हीसुद्धा गिऱ्हाईक गाठण्याची एक रीत असू शकते. थोडे दोष कबूल केले की मोठा दोष झाकला जातो.

कठोर लिहिले असल्यास क्षमस्व. पण सोबतच्या पानांत एकही नोंद अतिशयोक्त नाही.

आपला मेहुणा


१८ मार्च

जावईबापू,

झालं तुमच्या मनासारखं.

शनिवारी यार्डात गेलो. तुमची तीन पानं वाचून माझं डोकं फिरलं होतं. एकसष्ट झटके. मनात म्हटलं, तीस वर्षं या माणसाची शिफारस करत फिरलो आणि शेवटी माझ्याच बहिणीच्या गाडीत याने घाण घातली. चार गिऱ्हाइकं उभी होती. मला कमी ऐकू येतं म्हणून मी मोठ्याने बोलतो, त्यात चिडलेलो. काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. 'चोर' म्हणालो एवढं आठवतं, कारण ते म्हटल्यावर एका गिऱ्हाइकाने हातातला आरसा परत ठेवला.

खडूशेठने हात पुसले, तुमची पानं घेतली, पत्र्याच्या शेडमध्ये बसून एकेक ओळ बोटाने वाचली. मी म्हटलं, बोल की. तर म्हणाला, "इतकं बारीक लिहिणारा माणूस चुकत नसतो. माझाच अंदाज गेला असणार. वय झालं."

गिअरबॉक्स पाठवून द्या म्हणाला, परत घेतो. इतकंच असतं तर ठीक होतं. सोमवारी मी पुन्हा गेलो. त्या महिन्यात त्याने चालवून पाहिलेले आणखी दोन गिअरबॉक्स शेडमध्ये होते. ते त्याने फोडून लोखंडाच्या भट्टीला घातले. मी विचारलं, ते का? तर म्हणाला, "तेही मीच मऊ म्हटले होते." आता गिअरबॉक्स विकणार नाही म्हणतो. दरवाजे आणि काचा विकतो, त्याला अंदाज लागत नाही.

तुमच्या गॅरेजवाल्याला गिअरबॉक्स उतरवायला सांगा. मला या प्रकरणाचा वीट आलाय.

दादा


२३ मार्च

दादासाहेबांना नमस्कार,

मी साहेबांचा गॅरेजवाला. आपली ओळख नाही, पत्ता गिअरबॉक्सच्या खोक्यावर होता. लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घाला.

साहेब काल आले आणि म्हणाले गिअरबॉक्स उतरवून परत पाठवायचा. मी नाही म्हटलं. चांगला गिअरबॉक्स मी उतरवणार नाही, आणि तो उतरवून दुसऱ्या माणसाच्या माथी मारणं तर मुळीच नाही. मी साहेबांना म्हटलं, मी तुमच्या दादांना लिहितो. ते म्हणाले, लिहा. म्हणून लिहितोय.

दादासाहेब, तुम्ही पाठवलेला माल एक नंबर आहे. थाळी उघडून बघितली तर आत आरशासारखं स्वच्छ. झटका गिअरबॉक्सचा नाही, मेमरीचा आहे. जुना गिअरबॉक्स झिजत होता तसतसा कॉम्प्युटर त्याला जास्त जास्त दाब देत होता. तोच दाब तो आता या धडधाकट गिअरबॉक्सला देतो. मग झटका बसणारच. पुसायला पाच मिनिटं लागतात, स्कॅनर जोडला की झालं. बॅटरी काढली तरी या गाडीत ती नोंद जात नाही, मुद्दाम पुसावी लागते.

चूक माझीच झाली. गिअरबॉक्स बसवला त्या दिवशी साहेबांना सोप्या भाषेत सांगायला गेलो. म्हटलं, "ही डबी गिअरबॉक्सची झीज लक्षात ठेवते आणि चालवणाऱ्याचा पायही लक्षात ठेवते. वर्षानुवर्षं जो चालवतो त्याच्या पायाप्रमाणे गिअर टाकायला शिकते. आता सगळं पुसून कोरं करू." साहेब स्टुलावरून उठले. म्हणाले, "गेल्या वर्षापर्यंत ही गाडी कोण चालवत होतं, तुम्हाला माहीत आहे ना?" मी म्हटलं, बाईसाहेब. तर म्हणाले, "मग पुसायचं नाही."

मी समजावलं की त्यात जास्त भाग झिजेचा असतो, माणसाचा थोडा. चारदा सांगितलं. ते म्हणतात, थोडा का होईना, आहे ना?

रोज संध्याकाळी समोरच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारतात. झटका बसला की बाजूला घेऊन वहीत लिहितात. चेहरा रागावलेला असतो, पण गाडी मात्र रोज काढतात.

आपला,
गॅरेजवाला


२६ मार्च

गॅरेजवाल्याचं पत्र मिळालं.

मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, मेमरी साफ केली का. तुम्ही लिहिलंत, 'इतर बाबतीत जे आवश्यक ते सर्व करण्यात आले आहे.' हे वाक्य तुम्ही किती वेळ बसून जुळवलंत?

तिला गाडी मी शिकवली. डेपोच्या मागच्या मैदानात, ती एकोणीस वर्षांची असताना. तिचा पाय कसा पडायचा हे मला डबी उघडून बघावं लागत नाही. तुम्हाला ती डबी जपायची होती तर जपायची. झटके खात बसायचं. मला लिहायचं, दादा, गिअरबॉक्स चांगला आहे, पण मला पुसवत नाही. मी काही म्हटलं असतं का? मीही तिचा फोन नंबर अजून काढलेला नाही, आणि मला तर फोन ऐकूही येत नाही.

पण तुम्ही तिच्यासाठी एका सरळ माणसाला चोर ठरवलंत आणि ते माझ्या तोंडून वदवून घेतलंत. यात मला तिचं नाव नको.

पुसा किंवा पुसू नका. खडूशेठचं काय करायचं ते सांगा.

दादा


३१ मार्च

आदरणीय दादांना,

नमस्कार लिहिण्याचा अधिकार राहिला आहे की नाही, ठाऊक नाही.

ते वाक्य जुळवायला मला पाऊण तास लागला. त्यातला एकही शब्द खोटा ठरू नये, एवढीच काळजी मी घेतली. जोडलेल्या यादीतील प्रत्येक नोंद खरी आहे. तरीही संपूर्ण अहवाल खोटा आहे, आणि असा अहवाल माझ्या हाताखालच्या कोणी लिहिला असता तर मी त्याची चौकशी लावली असती.

आपण विचारले नाही, तरी कारण सांगतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात गाडी जाण्याच्या क्षणी ती पाय किंचित उचलत असे. शेजारी बसलेल्यालाही ते जाणवायचे. गाडी क्षणभर श्वास घेतल्यासारखी होई आणि मग पुढे जाई. मी पाय उचलत नाही. पुस्तकात दाब स्थिर ठेवावा असे लिहिले आहे, आणि मी तो स्थिर ठेवतो. नवा गिअरबॉक्स बसल्यावर नेमका त्याच जागी झटका बसू लागला. मला वाटले, गाडी तिच्या पायाची वाट पाहते आणि तो उचलला जात नाही म्हणून रागावते. गॅरेजवाल्याने चार वेळा समजावले. मी चार वेळा समजलो. पण तोपर्यंत रागावण्यासाठी मला एक माणूस हवा होता, आणि खडूशेठ दूर होते. डॉक्टरांवर रागावण्याची सोय नव्हती. त्यांनी सर्व कागदपत्रे व्यवस्थित ठेवली होती.

काल मेमरी पुसून घेतली. मी गॅरेजमध्ये हजर होतो. गॅरेजवाल्याने विचारले, "करू ना?" मी मान हलवली. पाच मिनिटे लागतील म्हणाला होता, तीन लागली. त्यानंतर पंचवीस किलोमीटर निरनिराळ्या वेगाने चालवावी लागते, म्हणजे ती नव्याने शिकते. तीही चालवून आणली. झटका नाही.

खडूशेठ यांना वेगळे पत्र लिहून दोष संपूर्ण माझा असल्याचे कळवले आहे. ते त्यांनी भिंतीवर लावले तरी चालेल.

आपला मेहुणा


७ एप्रिल

जावईबापू,

खडूशेठने तुमचं पत्र वाचलं आणि घडी घालून माझ्याच हातात परत दिलं. म्हणाला, "कागद पुष्कळ झाले. जे चार माणसांत बोललं गेलं ते चार माणसांत मागे घ्यायचं." ती चारही गिऱ्हाइकं नेहमीची आहेत, त्यांना तो शनिवारी बोलावणार आहे. गाडी घेऊनच या म्हणाला.

माझी माफी मागून झाली. माझं ऐकून घेतलं, चहा पाजला, पण गिअरबॉक्सचा विषय काढू दिला नाही. तुमचं काय होईल सांगता येत नाही.

मी फाटकाशी उभा राहीन. तिथे पत्रे कापायचं मशीन चालू असतं, मला शब्द ऐकू येणार नाही. काय बोलणं झालं ते घरी गेल्यावर लिहून पाठवा. आणि पूर्ण लिहा, जुळवून नको.

दादा


१५ एप्रिल

आदरणीय दादांना नमस्कार.

आपण सांगितल्याप्रमाणे पूर्ण लिहितो.

मी माझे निवेदन लिहून नेले होते. दोन परिच्छेद होते. ते खिशातून काढताच खडूशेठ म्हणाले, "साहेब, कागद ठेवा आत. तुमच्या कागदानेच मला आडवं केलं. तोंडाने बोला."

मी बोललो ते असे. "गिअरबॉक्स चांगला आहे. पहिल्या दिवसापासून चांगला होता. मला ते माहीत होतं. मी खोटं बोललो." एवढे बोलायला किती वेळ लागला ते आपण फाटकाजवळून पाहिलेच असेल. जाड मिशीचे गिऱ्हाईक, ज्यांनी त्या दिवशी आरसा परत ठेवला होता, त्यांनी विचारले, "मग ती तीन पानांची यादी कसली होती?"

मी म्हणालो, "माझी बायको गेली, त्याची."

दुसरे एक गिऱ्हाईक उगाच एका दरवाजाची मूठ वरखाली करू लागले. खडूशेठ त्यांना म्हणाले, "ती तोडू नका, विकायची आहे."

मग ते गाडीत बसले आणि मला शेजारी बसायला सांगितले. यार्डाबाहेर रस्त्यावर नेली, परत आणली. आपण हात हलवलात तो मी पाहिला, उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. परत आल्यावर त्यांनी काच खाली केली आणि मिशीवाल्यांना म्हणाले, "तुम्हाला गिअरबॉक्स हवा होता ना? बुधवारी एक गाडी येतेय. या, चालवून बघू." भट्टीत गेलेल्या दोहोंविषयी मी बोलू लागलो, तेव्हा म्हणाले, "ते गेले. आता त्यांचं काही करता येत नाही." त्यांनी मला क्षमा केली किंवा कसे, हे मी विचारले नाही. विचारणे योग्य वाटले नाही.

गाडीतून उतरण्यापूर्वी त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाई कशा चालवायच्या?"

मी सांगितले. पाय उचलण्याचेही सांगितले.

"नेहमी उचलायच्या?"

"गेली सहा-सात वर्षं तरी. त्याआधीचं नक्की आठवत नाही."

मग म्हणाले, "म्हणजे जुना गिअरबॉक्स तेव्हाच जायला लागला होता. तो घसरतोय हे त्यांच्या लक्षात आलं असणार. ऐन वेळी जोर काढून घेतला की घसरत नाही, हळूच चढतो. दुसऱ्या कुणाच्या हाती तो सहा महिने टिकला नसता साहेब. त्यांनी सहा-सात वर्षं पायावर जपला. तुम्ही पाय दाबून धरलात, पाच महिन्यांत गेला."

दादा, मी तो तिचा स्वभाव समजत होतो. ती दुरुस्ती होती.

तिने मला हे का सांगितले नाही, याचा विचार परतीच्या सहा तासांत केला. उत्तर पहिल्या अर्ध्या तासातच मिळाले. सांगितले असते, तर मी त्याच आठवड्यात तपासणी करवून, अहवाल लिहून, गाडी मोडीत काढायला लावली असती. नियमाप्रमाणे तेच योग्य ठरले असते. म्हणून ती काही बोलली नाही. फक्त चढाचा रस्ता आला की गाडी कडेला घ्यायला लावायची, दार उघडून माझ्या बाजूला येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "सरका, तुम्ही शेजारी बसा. चढ मी चालवते."

मला वाटायचे, तिचा माझ्या चालवण्यावर भरवसा नाही. प्रत्येक चढाला मी तोंड फुगवून बसलेलो असे.

आपला मेहुणा